शोभाकाकूंच्या घरचा कूलर

अंजनगावच्या स्टँडवर अकोल्याची गाडी लागली तेव्हा बाबांनी आधी ज्वारीचा कट्टा चढवला आणि मग मला. कट्टा सीटखाली सरकवून ते खाली उतरले आणि माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले. बाबांचं विहिरीवरच्या मोटारी वाइंडिंग करण्याचं दुकान आहे. त्यांच्या बोटांना तांब्याच्या तारेचे बारीक काप कायम असतात आणि कपड्यांना वॉर्निशचा वास. त्या दिवशी त्यांनी धुतलेला शर्ट घातला होता, तरी तो वास आलाच. आई मागे उभी होती. ती माझ्याकडे न बघता गाडीच्या पाटीकडे बघत होती, जणू चुकीची गाडी निघेल याचीच तिला काळजी.

"ध्यानात हाय ना?" बाबा म्हणाले.

"हो."

"काय?"

"कर्ज फिटेपर्यंत घरात कोणीच काही नवं घ्याचं नाई. फिटलं की मी अमरावतीले, एमएस्सीले."

"बस्स," बाबा म्हणाले आणि खिडकीच्या गजावर थाप मारली. गाडी निघाली.

हे कर्ज ताईच्या लग्नाचं होतं, पतसंस्थेतून काढलेलं. मी बारावी सायन्स झाले तेव्हा ते डोक्यावर होतंच. एका घरात दोन खर्च चालत नाहीत, असं बाबांचं म्हणणं. आमच्या घरात कॉलेजला गेलेलं कोणी नाही, त्यामुळे कॉलेज हा खर्च त्यांना पंगतीसारखा वाटायचा, हौस असेल तर करायचा. मग तो ठराव मीच मांडला. अकोल्यात मावशीच्या ओळखीने स्वस्त खोली मिळत होती. मी म्हटलं, बीएस्सी करेन, पण घरातून धान्याशिवाय काही मागणार नाही, उलट शिकवण्या घेऊन पैसे पाठवीन. तुम्ही इकडे काटकसर करा, मी तिकडे करते. बाबा बराच वेळ हातातली तार सरळ करत बसले आणि मग म्हणाले, "चाल. करून पाहू."

मी हे कोणासाठी लिहिते आहे ते मला नीट सांगता येणार नाही. गल्लीतल्या, मागे राहिलेल्या मैत्रिणींसाठी थोडं आणि माझ्यासारख्या कट्टा घेऊन निघालेल्यांसाठी थोडं. आईवडिलांची बदनामी करावी असा माझा हेतू नाही. पण झालं ते झालं.

अकोल्यातली ती तीन वर्षं मला अजून आवडतात, हे आधी सांगून टाकते. काटकसर म्हटलं की लोकांना वाटतं पोरगी रडत असेल. मला तर मजा येत होती. घरची ज्वारी दळून आणायची, सकाळी दोन भाकरी टाकायच्या, एक चुनासोबत, म्हणजे पिठल्यासोबत, आणि एक जवसाच्या चटणीसोबत. गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत मेथी लावली होती, ती खुडून भाजी. जुन्या ओढण्यांचे पडदे, उशीचे अभ्रे हातानेच शिवले. जर्नलच्या उरलेल्या कोऱ्या पानांची वही. कॉलेजला चालत. संध्याकाळी सातवी-आठवीच्या पोरांची शिकवणी, गणित आणि विज्ञान. रिचार्ज फक्त महिन्यातून एकदा.

माझी रूममेट वैष्णवी मूर्तिजापूरची. ती कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणायची, "हिच्यासोबत राहून पाहा. हे पोरगी साबणाच्या फेसाचंही व्याज घेईन!" सगळे हसायचे. मीही हसायचे. आतून मला अभिमान वाटायचा. मला वाटायचं, तिकडे आई आहे, बाबा आहेत आणि इकडे मी. आम्ही तिघं एकाच दोरीला धरून ओढतो आहोत.

दर महिन्याला शिकवणीचे पैसे पाठवले की बाबांचा फोन यायचा. "पोचले. आता थोडंच राह्यलं." एवढंच बोलायचे. त्या 'थोडंच'वर मी पुढचा महिना काढायची.

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात मी आठ दिवस घरी गेले. उन्हाळा आमच्याकडे कसा असतो ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. अकोल्याच्या खोलीत मी ओली चादर अंगावर घेऊन फरशीवर झोपायची. घरीही तसंच चाललं होतं. आई दुपारी ओला पंचा डोक्यावर टाकून बसलेली, बाबा दुकानातून येऊन जमिनीवर पाठ टेकून पडलेले, वर पंखा गरम हवा ढवळतो आहे. मला त्यांची दया आली आणि माझीही. पण बरंही वाटलं, खोटं का बोलू. वाटलं, सगळे शब्द पाळताहेत.

तिसऱ्या दिवशी माझं डोकं फार दुखायला लागलं. शेजारच्या शोभाकाकू दारात येऊन म्हणाल्या, "पोरीले कायले उकडून राह्यली वं? आमच्या घरी पाठव, आमच्याइथं कूलर हाये."

आई घाईघाईने म्हणाली, "नको. सवय लागंन तिले."

"एका दुपारानं सवय लागते काय? पाठव."

मी गेले. काकूंच्या समोरच्या खोलीत नवा कोरा कूलर होता, कोपऱ्यावर पोपटाचं स्टिकर लावलेला, ओल्या खसाचा वास सुटला होता. मी त्याच्यासमोर पडले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाही. उठल्यावर मी काकूंना म्हटलं, "काकू, फार बरं वाटलं. आमचं कर्ज फिटलं की आम्हीही घेऊ." काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या आत चहा ठेवायला गेल्या.

तिसऱ्या वर्षी मी शिकवणीच्या दोन तुकड्या केल्या आणि त्यातल्या एकीचे पैसे घरी सांगितलेच नाहीत. ते वेगळे ठेवले. मनात असं होतं की परीक्षा संपली की सरळ अंजनगावला जायचं, पतसंस्थेत जाऊन उरलेलं सगळं भरायचं आणि कागद बाबांच्या हातात ठेवायचा. एमएस्सीचे फॉर्म सुटायचेच होते. आयुष्यात पहिल्यांदा मी घरच्यांना न सांगता काही ठरवलं होतं, आणि तेही आनंदाचं.

शेवटचं प्रॅक्टिकल झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळची गाडी धरली. घरी गेलेच नाही. पिशवी घेऊन पतसंस्थेत. काउंटरवर एक वयस्कर कारकून होते. त्यांना बाबांचं नाव सांगितलं, म्हटलं, "उरलेलं सगळं आज भरायचं आहे."

त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं, मग चष्म्यावरून माझ्याकडे.

"बाई, हे खातं त कवाच नील झालं."

"नाही, थोडं बाकी आहे."

"अवं बाकी कायची? दीड वरीस होऊन राह्यलं. तुये बाबा नील दाखला घेऊन गेले ना. समद्या हापिसाले पेढे वाटले त्यायनं. एवढे एवढे पेढे!" त्यांनी बोटांनी पेढ्याचा आकार दाखवला. मग माझा चेहरा बघून म्हणाले, "पाणी पेतं काय वं?"

मी पाणी प्यायले. मला आधी वाटलं हिशोबात चूक असेल. मग वाटलं बाबा विसरले असतील. पतसंस्थेपासून घरापर्यंत चालत जाताना मी त्यांच्या बाजूने एकेक कारण शोधत होते, आणि गल्लीत वळल्यावर मला आमच्या घरातून कूलरचा आवाज ऐकू आला.

दार नुसतं लोटलेलं होतं. बाबा जेवून कूलरसमोर झोपले होते. आई बाजूला बसून तांदूळ निवडत होती. कूलर तोच होता. शोभाकाकूंच्या घरी ज्याच्यासमोर मी एक दुपार झोपले होते तोच, त्याच्या एका कोपऱ्यावरचं पोपटाचं स्टिकरसुद्धा मला ओळखू आलं.

"अव माय!" आई उठून उभी राहिली. "तू कशी काय आली अशी? फोन नाई, काई नाई!"

त्या 'फोन नाई'तून मला सगळं कळलं. मी येणार म्हटलं की दोघं मिळून तो कूलर उचलून काकूंकडे ठेवायचे आणि आठ दिवस माझ्यासोबत उकडत बसायचे. मला दाखवायला. आज मागे वळून पाहताना हसू येतं असं कोणी म्हणेल. मला अजून येत नाही.

बाबा उठून बसले. मी विचारलं, "कर्ज कधी फिटलं?"

कूलर चालूच होता. आईने तो बंद केला.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं त तू चालली गेली असती अमरावतीले," बाबा म्हणाले. अगदी सरळ म्हणाले.

मग आईने कपाट उघडलं. कापडात गुंडाळलेली एक पोत, कानातले, दोन बांगड्या. माझ्या हातावर ठेवू लागली. "हे पाय. तुहंच हाये सगळं. एक पैसा नाई खाल्ला आमी तुया." मी हात मागे घेतला. पोत खाली पडली, आईने पटकन उचलून कपाळाला लावली.

बाबा आता समजावण्याच्या आवाजात बोलू लागले. "ताईच्या वक्ती कर्ज काढा लागलं. तूच म्हणे ना, कर्ज नको. मंग? तुया वक्ती नाई काढा लागणार. आपण कर्जातून निंघालो त निंघालेलंच राह्यलं पाह्यजे ना, माय? दर्यापूरचं एक ठिकाण हाये. पोरगं चांगलं हाये. शिकू देतो म्हणते लग्नानंतर."

माझा विचार माझ्याच अंगावर असा उलटा करून घातलेला मी पहिल्यांदाच पाहिला. बाबा खोटं बोलत नव्हते, ते मनापासून म्हणत होते, आणि म्हणूनच मला जास्त लागलं. मी ज्या तीन वर्षांना आमचा एकत्र लढा समजत होते, त्यातलं शेवटचं दीड वर्ष मी एकटीच लढत होते. बाकीचे मला लढताना बघत होते.

मी ताईला फोन लावला. वाटलं, निदान ती म्हणेल की तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मीच म्हटलं होतं आईले, नको सांगू म्हणून. माया वक्ती सासरी काय काय ऐका लागलं मले दागिन्यासाठी, तुले नाई माहीत. तुले नाई ऐका लागलं पाह्यजे." एवढं बोलून ती रडायला लागली, आणि मलाच तिची समजूत घालावी लागली.

पतसंस्थेत भरायला आणलेले पैसे माझ्या पिशवीतच होते. त्यातून मी अमरावतीला प्रवेश घेतला. याला मी धाडस म्हणणार नाही. दुसरं काही करणं मला त्या दिवसांत सुचलंच नाही. निघायच्या दिवशी बाबा दुकानातून आले नाहीत. आईने डबा बांधून दिला आणि दारातच उभी राहिली. स्टँडवर मी एकटीच होते. ज्वारीचा कट्टा या वेळी नव्हता. तो मीच नको म्हटला होता, आणि गाडी सुटल्यावर मला त्याचा पश्चात्ताप झाला, कारण अमरावतीत ज्वारी विकत घेताना पहिल्यांदा कळलं की घरच्या धान्यावर मी किती सुखात होते.

आता मी इथे कमवा आणि शिका योजनेत लायब्ररीत काम करते. रॅकवर पुस्तकं लावते, नोंदी करते. हॉस्टेलच्या मागे एका पत्र्याच्या डब्यात कोथिंबीर लावली आहे. काटकसर सुटलेली नाही, ती अंगात मुरली आहे. पण पूर्वी भाकर कमी खाल्ली की वाटायचं, घराजवळ एक पाऊल गेले. आता कमी खाल्ली तर फक्त कमी खाल्ली. मी कोणाचं देणं लागत नाही, कोणाचं माझ्यावर ओझं नाही. हेच तर हवं होतं, असं मी स्वतःला सांगते. ते खरं आहे, आणि तरी पुरत नाही.

पहिले काही महिने बाबा बोलले नाहीत. मग एकदा आईच्या फोनमागून त्यांचा आवाज आला, "पैशे लागते काय विचार तिले." मी नाही म्हटलं. लायब्ररीत मला किती मिळतात ते मी त्यांना सांगितलेलं नाही, अजूनही नाही. विचारलं तर कमीच सांगते. त्यांच्याकडूनच शिकले, असं मनात येतं आणि लाज वाटते.

दर्यापूरचं ठिकाण मोडलं. आता दुसरी आहेत, मला माहीत आहे. मागच्या खेपेला आई कपाटात काहीतरी सरकवत होती, बहुतेक कोणाचा तरी बायोडाटा. मी पाहिलं नाही असं केलं.

घर म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं तर मी अजून अडखळते. गल्लीत वळलं की पाय आपोआप भराभर पडतात, ते अजून तसंच आहे. आईच्या हातचं चून तसंच आहे. बाबांच्या शर्टाला वॉर्निशचा वास येतो आणि मी लहान होते. पण मी आता जाण्याच्या आदल्या दिवशी न चुकता फोन करते. उद्या येते आहे, दुपारच्या गाडीने, दोन वाजेपर्यंत पोचेन, असं अगदी वेळेसकट सांगते. त्यांना जे काही उचलून ठेवायचं असेल ते त्यांनी ठेवावं. मला ते पुन्हा बघायचं नाही.

गेल्या आठवड्यात आई म्हणाली, "काऊन गं, दरवक्ती टाइम सांगतं? आपल्या घरी याले कोणी टाइम सांगते काय?"

मी म्हटलं, "असंच, आई. सवय लागली."