दुकानातली झोप

"ऐका," असे म्हणून गादीवाले आजोबा उजव्या हाताचे बोट ओठांवर ठेवत आणि गिऱ्हाईक बोलता बोलता थांबे. चामराजपेटेतल्या त्यांच्या गाद्यांच्या दुकानात शाळेतून आलेला नातू दुपारी नव्या गादीवर झोपलेला असे आणि मोठ्या माणसासारखा घोरत असे. त्या बोटाचा मान ठेवून मीही कितीदा ऐकले, हसलो. काय ऐकतो आहे हे मला कळत होते. ही गोष्ट मी फार दिवस लपवून ठेवली.

अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. घराणे मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. मराठीत कन्नड कधी मिसळले ते त्यांनाही कळत नसे. कुणी भाव पाडून मागितला की ते नातवाकडे बोट दाखवीत. "भाव स्वल्प जास्त आहे, सरी, कबूल. पण असली झोप दुसरीकडं मिळते काय?" एकदा एका बाईंनी विचारले, गादीबरोबर नातूही देणार काय? ते म्हणाले, "न्या की. चार दिवसांत शेजारी भांडायला येतील."

घोरणे मध्येच बंद पडे. मुलाची छाती वरखाली होई, पण श्वास आत जात नसे. तेव्हा ते आवाज आणखी खाली आणत. "बघा, आता झोप तळाला गेली." मग मूल धाप लागल्यासारखे दचके, कूस बदले, पुन्हा घोरू लागे. लोक हसत.

जाता-येता मी दुकानात टेकत असे; रुग्णालयात काम करतो एवढे ऐकून ते मला 'डॉक्टरअण्णा' म्हणू लागले. मी डॉक्टर नव्हे. मुलांच्या रुग्णालयात हृदयाची सोनोग्राफी करणारा तंत्रज्ञ आहे. पहिल्या दिवशी ते सांगायचे राहून गेले आणि पुढे ती हाक मला आवडू लागली. झोपेत श्वास अडत राहिला की लहान हृदयावर काय ताण येतो, हे मी पडद्यावर पाहिलेले होते. पण बोललो असतो तर त्यांनी मलाच मुलाला तपासायला सांगितले असते, आणि मी डॉक्टर नाही हे उघड झाले असते. एवढ्यासाठी मी गप्प राहिलो. दुकानातून निघालो की मला बसथांब्यावर उभे राहवत नसे. पुढच्या थांब्यापर्यंत उगाच चालत जाई.

दसऱ्यानंतर मुलगा वर्गात गणित करता करता झोपू लागला. शाळेने डॉक्टरांकडे पाठवले, डॉक्टरांनी हृदयाच्या तपासणीला, आणि तो माझ्याच टेबलावर आला. आजोबा दारातूनच म्हणाले, "डॉक्टरअण्णा, तुम्ही असल्यावर मला कसली भीती?"

पडद्यावर हृदयाची उजवी बाजू फुगलेली दिसत होती. मी मापे घेतली आणि डॉक्टरांना बोलावले. डॉक्टरांनी आजोबांना समजावले, की वाढलेले टॉन्सिल आणि नाकामागची गाठ झोपेत श्वासाची वाट अडवतात, आणि त्याचा भार हृदय सोसते. वेळेत काढले तर ते सावरेल. शस्त्रक्रिया झाली. पुढच्या तपासण्यांमध्ये हृदय हळूहळू सावरलेले दिसले.

पण आजोबांचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. मूल आता आवाज न करता झोपे. कापड मोजता मोजता ते गिऱ्हाईक सोडून जात आणि मुलाच्या नाकापुढे तळहात धरून उभे राहत. "काहीच ऐकू येत नाही हो," ते म्हणत. 'ऐका' हा शब्द त्यांनी टाकून दिला.

आज तिथे मोबाइलचे दुकान आहे. दुकान बंद करून आजोबा आपल्या मुलाकडे बनशंकरीला राहायला जाणार होते, तेव्हा शेवटचा भेटायला गेलो. सामान हलले होते; उरलेल्या एका गादीवर नातू झोपला होता. मला पाहताच सवयीने त्यांचे बोट ओठांवर गेले. आम्ही दोघे ऐकत उभे राहिलो. श्वास संथ चालला होता, मध्ये कुठे खंड नव्हता.

मूल जागे होऊ नये म्हणून मी हळूच बोललो.

"मी डॉक्टर नाही, अण्णा. तुम्ही 'ऐका' म्हणायचात, तेव्हा त्याचा श्वास अडतोय हे मला कळत होतं. मी बोललो नाही. माझं चुकलं."