उसाच्या कडेचा बिबट्या

आता माझीच फजिती मी कुठल्या तोंडानं सांगू राव! पण चहा ओतलाय, तर ऐकाच.

दोन वर्षांमागं कांद्याच्या ट्रॉलीवरून गोण्यांसकट खाली आलो नि पाठीचा मणका मोडला. सहा महिने खाटेवर! आमच्या अवसरीत यात्रेला बैलगाडे पळतात. गाडा सुटेपर्यंत आमचे बैल मीच धरायचो, नि सुटले की आरडत मागं पळायचो. मणका जुळला, पण पळायची भीती काही जाईना. दोन पावलं जोरात टाकली की वाटायचं, तुटली पाठ!

नारायणगावच्या व्यायामवाल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, पाठ बरी झालीय, भीती राहिलीय. मोकळ्यावर जा, डोळे मिटा, आवडीचं काहीतरी मनात आणत व्यायाम करा."

व्यायाम कसला? हात नि गुडघे टेकायचे, नि मांजरीसारखी पाठ हळूच वर, हळूच खाली.

रोज पहाटे मी उसाच्या कडेला जाऊ लागलो. थंडी मरणाची, म्हणून अंगावर चादर. बायकोनं, सुनंदानं, मंचरच्या बाजारातून आणलेली, पिवळी, काळ्या ठिपक्यांची. चहूकडं धुकं. डोळे मिटले की शर्यतीचा घाट, म्हणजे गाडे पळायची धाव, दिसायचा, गुलाल उडायचा, घुंगरं वाजायची, नि मी बैलांमागं तरंगत निघायचो. पाठ आहे की नाही, तेही कळायचं नाही. इतकं सुख वाटायचं की तिथंच डोळा लागायचा.

आता तुम्हीच सांगा, पहाटेच्या धुक्यात, उसाच्या कडेला, चार पायांवर पिवळं ठिपक्यांचं अंग! आमच्याकडं लेकरालासुद्धा कळतं, उसाजवळ वाकून बसू नये, बिबट्याला सावज वाटतं. पण मला सुचेल तर ना!

एके दिवशी मी असाच घाटात रमलेलो, नि शेजारचा बाळू बोंबलत पळाला, "बिबट्याऽऽ! बिबट्या!"

बिबट्या? म्हणजे माझ्या मागंच की! चादर टाकली नि जो सुटलो, बांध ओलांडला, चर ओलांडला, थेट घराच्या ओट्यावर!

घटकाभरात वीस माणसं जमली. काठ्या, फटाके, पत्र्याचे डबे! नि सगळ्यांच्या पुढं कोण? मी!

"कुठं व्हता रं बाळू?" मी विचारलं.

"उसाकडं. आठ दिस झालं लांबनं बघतोय, आज पार जवळ दिसला. पन लई येगळा हाय, दादा! पाठ वर करतो, खाली करतो, नि मंग झोपतो."

माझी काठी हळूच खाली आली. तरी म्हणालो, "आजारी असंल."

"वनखात्याला फोन केलाय. पिंजरा आणत्यात."

सुनंदा दारातून सगळं ऐकत होती. तिनं विचारलं, "भाऊजी, घोरतो बी का वो?"

"व्हय वहिनी! पार हिरीवरच्या मोटारीपातुर ऐकू येतंय."

"मंग पिंजरा नको. फोन करून सांगा त्यांना. च्या केला की त्यो आपसूक घरी येतो."

वीसच्या वीस माणसं माझ्याकडं बघायला लागली. काय हसले राव! बाळू तर खाली बसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, नि त्यातच ध्यानात आलं, अरे, मी पळालो! उसापासून ओट्यापर्यंत! पाठीत साधी चमक नाही. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

यंदा यात्रेला बैल मीच धरणार. गाडा सुटला की पळणारही मीच. फक्त बाळूनं ती चादर मागून नेलीय. म्हणतो, "दादा, मधीच थांबलात, तर मागनं ही पांघरून येतो!"