बाबांची रेघ

माझ्या बाबांचा भोकरदनला फोटो स्टुडिओ होता. खोली एवढीशी. फरशीवर त्यांनी ऑइलपेंटची एक रेघ ओढली होती आणि समोर दोन खुर्च्या. रेघेवरून त्यांच्या लेन्समधून पाहिलं की नवराबायको गुडघ्यापासून डोक्यापर्यंत चौकटीत बराबर बसायचे. "रेघ सोडू नको, लेन्स धोका देणार न्हाई," म्हणायचे. तालुक्यातली किती जोडपी त्या रेघेवरून गेली, पण आमच्या घरात माय-बाबांचा एकही जोडीनं फोटो नव्हता. फोटोवाल्याचा फोटो कोण काढणार?

मग रोल मिळेनासे झाले, बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, दुकान बंद पडलं. मी जालन्यात शिक्षिका. गेल्या वर्षी डिजिटल कॅमेरा घेतला आणि बाबांची जुनी लेन्स त्यावर बसेल अशी रिंग मागवली. बाबा इतके खूश झाले की स्वतः शटर उचलून दुकान झाडलं. मायला ठेवणीतली साडी नेसायला लावली आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

त्या लेन्सचा फोकस हातानं फिरवावा लागतो. मी कॅमेरा मायकडे वळवला, स्क्रीनवर चित्र मोठं करून तिची पापणी स्पष्ट दिसेपर्यंत फिरवत राहिले आणि कडा न पाहताच बटण दाबलं. बाकीचं रेघ पाहून घेईल, असं मनात.

"रेघेवर व्हतीस ना?"

"बिलकुल."

"मंग बराबर आला असंल. धुऊन आण. कागदावर पाहू."

जालन्याला येऊन लॅपटॉपवर पाहिलं. माय लख्ख, सुरकुती न् सुरकुती. रोलवर ही लेन्स इतकी निर्दय कधीच नव्हती. आणि बाबा? खांद्याचा एक तुकडा, अन् मायच्या खुर्चीवर टेकलेला हात. माझ्या कॅमेऱ्यातली चित्र टिपणारी प्लेट रोलच्या चौकटीपेक्षा लहान. लेन्स सगळं आत आणते, कॅमेरा मधलं तेवढं ठेवतो आणि कडा टाकून देतो. विकणाऱ्यानं हे सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. शिकलेली बाई ना मी!

दर रविवारी बाबांचा फोन. "फोटो आला का?"

"लॅबवाला देऊनच न्हाई राह्यला, बाबा."

रेघ आता चालत नाही, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? ठरवलं, दिवाळीत दुसरी लेन्स आणू, पुन्हा काढू, त्यांना कळणारही नाही. पोळा झाला आणि चार दिवसांत बाबा गेले. झोपेतच.

दहाव्याला त्यांच्या आधार कार्डावरचा फोटो मोठा करून हार घातला. घरोघरच्या गेलेल्या माणसांचे फोटो जीव लावून करून देणारा माणूस, अन् स्वतः असा फुटक्या ठिपक्यांत बसलेला. मला लाज वाटली. अजून वाटते.

तेरावं झाल्यावर मायनं दुकानात काढलेला तो फोटो मागितला. टाळता आलं नाही, छापून आणला. तिनं कागद दारातल्या उजेडात धरला, बराच वेळ पाहिला, बोटानं बाबांचा हात शोधला.

"तू रेघेवर व्हतीस ना?"

"हो."

"मंग तेच सरकले असतील," माय म्हणाली. "जाग्यावर बसायचं माहीतच न्हाई त्या माणसाला."

मी मान डोलावली. माझी चूक मेलेल्या बापाच्या माथी मारली, आणि माय त्यांच्यावरच रुसून आहे.