कॅमेऱ्याकडे बघू नका: कोडोलीच्या शिवारात तीन दिवस

आमच्या कॅमेरा क्लबच्या प्रदर्शनातून सलग चौथ्या वर्षी माझे फोटो परत आले, तेव्हा सोबतच्या चिठ्ठीत एकच वाक्य होतं : "माणसं फोटोसाठी उभी आहेत असं वाटतं." वाटतं काय, उभीच होती. माझा कॅमेरा बघून आपलं काम करत राहिलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. यंदाचा विषय 'शेत आणि आभाळ' निघाला आणि मी ठरवलं, एकच फोटो आणायचा, पण असा की माणूस कामात आहे, वर आभाळ आहे आणि कुणीही माझ्याकडे बघत नाहीये. दिवाळीची सुट्टी संपायला चार दिवस होते. बायको म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं. पुण्याच्या आसपास काय शेतं नाहीत?" मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो आणि घरात माझं कुणी ऐकत नाही, एवढी ओळख पुरे.

आमच्या कॉलेजच्या ग्रंथपालांचे थोरले भाऊ आनंदराव कोडोलीजवळ मळ्यात राहतात. त्यांना फोन केला आणि पहाटे साडेपाचला गाडी काढली. महामार्गाचं रुंदीकरण चालू असल्यामुळे सध्या त्यावर रस्ता कमी आणि 'वळण' लिहिलेल्या पाट्या जास्त आहेत. कराडच्या अलीकडे-पलीकडे मिळून माझा दीड तास गेला. पुढे उसाचे ट्रॅक्टर. दोन-दोन ट्रॉल्या, टपाएवढे स्पीकर आणि रस्त्याच्या मधोमध चालण्याचा जन्मसिद्ध हक्क. हॉर्न वाजवला तर चालक हात वर करून नमस्कार करतो आणि तसाच चालत राहतो. जाणार असाल तर किणीचा टोलनाका सोडल्यावर वाठारला पुलाखालून उजवीकडे वळा, तिथून कोडोली जवळच आहे. पुण्याहून पाच तास धरले होते, सात लागले.

कोडोलीत मी एक लॉज बघून ठेवला होता, नऊशे रुपये रोज. आनंदरावांनी तो उभ्या उभ्या रद्द करायला लावला. "आमचं घर असताना लॉजवर ऱ्हानार? गाव काय म्हणंल आमाला?" त्यांच्या बायकोनं, शालनवहिनींनी, तोवर पाट मांडलाच होता. झुणका, भाकरी, मिरचीचा खर्डा आणि वर दुधाचा तांब्या. दुपारचं ऊन उतरायच्या आत मला शेतात पोचायचं होतं. पोचलो चारला, कारण एक भाकरी खाऊन उठणं हा त्या घरात अपमान समजतात आणि तिसरीनंतर मला उठता येईना.

आता आभाळाचं सांगतो. कार्तिकातलं कोल्हापूरचं आभाळ म्हणून मी जे मनात धरून गेलो होतो, ते तिथे नव्हतंच. ऊस तोडल्यावर मागे उरलेला पाला, म्हणजे पाचट, जागोजागी पेटवतात. त्याचा धूर जोतिबाच्या डोंगरापर्यंत पसरलेला. सूर्य होता, पण ताकात बुडवल्यासारखा. त्या पांढऱ्या उजेडात पाच बायका भुईमूग उपटत होत्या. ओणव्या, ओळीत, बोलत बोलत. मी बांधावरूनच कॅमेरा डोळ्याला लावला. पहिलीनं पाहिलं, दुसरीला कोपर मारलं आणि पाचीजणी सरळ उभ्या राहून पदर नीट करू लागल्या.

"तुमचं चालू द्या," मी ओरडलो. "माझ्याकडे बघू नका."

"मग कुणाकडं बगायचं?" त्यातली सगळ्यात वयस्कर बाई म्हणाली. "आणि आदी सांगायचं न्हाय व्हय? ही साडी काय फोटूची हाय?"

त्यांनी मला ओटीभर ओल्या शेंगा दिल्या. फोटोत पाच बायका शाळेच्या गटछायाचित्रासारख्या उभ्या आहेत.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लांब गेलो. बांबवड्यावरून मलकापूरच्या बाजूला भाताची कापणी उरकत आली होती. रस्ता चांगला आहे, पण सकाळी धुकं असतं, तेव्हा सातच्या आधी घाई करू नका. बांबवड्याच्या स्टँडजवळ वीस रुपयांत गरम वडापाव मिळाला आणि तेवढ्या वेळापुरता मी सुखी होतो. आभाळ या दिवशी पूर्ण झाकलेलं, राखाडी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखं. एक गृहस्थ ओढ्याकाठी चिखलानं बरबटलेली म्हैस घेऊन चालले होते. म्हशीच्या पाठीवर बगळा. मला वाटलं, मिळाला.

"म्हशीचा काढतासा?" ते थांबले. "मग जरा दम धरा पावणं. अशी घाण का काढायची?"

मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी म्हैस ओढ्यात उतरवली. बगळा उडाला. अर्ध्या तासानं लखलखीत काळी म्हैस, शिंगांना तेल लावलेली, आणि शेजारी धुवट सदरा घातलेले ते गृहस्थ माझ्यासमोर उभे राहिले. मग मलाही उभं राहावं लागलं. फोटो काढला, म्हशीचं वेत विचारलं, चहा घेतला. त्या दिवशी मळणीच्या खळ्यावरही हेच झालं. मशीन बंद करून सगळे ओळीत उभे राहिले. मशीन चालू ठेवा म्हटलं तर म्हणाले, "धूळ उडतीया, तोंडं दिसायची न्हाईत." मी कपाळाला हात लावला, तर त्यांना वाटलं डोकं दुखतंय, म्हणून पुन्हा चहा.

संध्याकाळी आनंदरावांपुढे मी अक्षरशः कुरकुरलो. तीन दिवसांतले दोन गेले आणि माझ्याकडे दोनशे माणसांचे पासपोर्ट फोटो जमलेत म्हणालो. ते हसले. "उद्या आमचं आदण हाय गुऱ्हाळावर. तितं कुनाला तुमच्याकडं बगाया सवड नसती."

आदण म्हणजे काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत, एका वेळी उकळायला घेतलेला उसाचा रस. आनंदरावांचा बाकी ऊस कारखान्याला जातो. फक्त विहिरीकडेचा एक पट्टा शालनवहिनींनी राखलेला, शेणखतावर वाढवलेला. त्याचं वर्षातून एकच आदण निघतं आणि तोच गूळ घराला आणि सासरी गेलेल्या दोन मुलींना वर्षभर पुरवायचा. गुऱ्हाळावर नंबर लागायला त्यांनी दसऱ्यापासून वाट बघितली होती. हे सगळं मला त्या संध्याकाळी नीट सांगितलं होतं, आणि मी मान डोलवत उजेडाच्या वेळा बघत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला मी परत निघणार होतो, ते सोडून गुऱ्हाळावर जाऊन बसलो. गुळव्या दस्तगीर मामा, सत्तरीच्या आसपासचे, बारीक अंगाचे, डोक्याला पंचा गुंडाळलेला. गुळव्या म्हणजे गूळ कधी झाला ते ठरवणारा माणूस, आणि त्या मांडवात त्याच्याखेरीज कुणाचं काही चालत नाही. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, कॅमेऱ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा काहिलीत बघू लागले. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. अखेर एक माणूस भेटला.

रसावर तरंगणारी मळी काढून झाली. रस पिवळा झाला, मग दाट. मी पन्नासेक फोटो काढले. कुणी बघत नव्हतं, पण आभाळही नव्हतं. वर पत्रा, खाली वाफ, बाहेर तोच राखाडी उजेड. साडेपाचला मी बॅग आवरायला घेतली आणि पश्चिमेला ढगांची कड फाटली. तीन दिवसांतला पहिला स्वच्छ सूर्य. उजेड आडवा मांडवात शिरला, वाफ सोन्यासारखी झाली आणि मांडवाच्या उघड्या बाजूला डोंगरामागे सगळं आभाळ तांबडं पेटलं. मामा मात्र त्या आभाळाला पाठ करून काहिलीवर वाकलेले. त्यांचा चेहरा अंधारात.

"मामा," मी म्हणालो, "जरा या अंगाला या ना. दोनच मिनिटं."

"आता न्हाय पावणं. पाकावर आलंय."

एवढ्यावर गप्प बसायला काय हरकत होती? पण मी बसलो नाही. दोन दिवसांची चिडचिड डोक्यात होती आणि उजेड जाणार होता. मी आनंदरावांकडे बघितलं. आनंदराव अवघडले. घरी आलेल्या पाहुण्याचा शब्द त्यांना मोडवेना. "मामा, काढू द्या की एक," ते म्हणाले. "पुण्यासनं आल्यात त्येच्यासाठी."

मामा आले. हातात लांब दांड्याचा ढवळणा, तसेच काहिलीच्या या बाजूला उभे राहिले आणि सवयीनं कॅमेऱ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "माझ्याकडे नको." ते काहिलीत बघू लागले, तर चेहऱ्यावर पुन्हा सावली. मग मी ते वाक्य बोललो. "तिकडे बघा मामा. आभाळाकडे."

त्यांनी आभाळाकडे बघितलं. मी एक काढला, दोन काढले, थोडा वाकून आणखी चार काढले. दोन मिनिटांची तीन झाली असतील. मग वास आला. मला तो छान, खमंग वाटला. मामांच्या हातातला ढवळणा गळून पडला आणि त्यांनी "वढा, वढा" असा आवाज दिला. काहील ओढून रस गूळ निववायच्या वाफ्यात ओतेपर्यंत त्याचा रंग चहाच्या चोथ्यासारखा झाला होता. दरवर्षी मी वर्गात मुलांना ओरडून सांगतो, रंग पालटतो त्या थेंबावर नजर ठेवा, पुढचा एक थेंब गेला की प्रयोग वाया. बत्तीस वर्षं सांगतोय.

शालनवहिनी वाफ्याशी आल्या, बोटानं थोडं उचलून चाखलं आणि म्हणाल्या, "कडू झालाय. असू दे, जनावरांच्या आंबोणात जाईल." मी भरपाईची गोष्ट काढली, तेव्हा आनंदराव तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्यावर चिडले. मामा चहाला थांबले नाहीत. त्यांनी ढवळणा हौदावर नेऊन तीनदा घासला आणि पंचा झटकून चालू लागले. मी मागे गेलो, चूक माझी आहे म्हणालो. "तुमची कशी?" ते न थांबता म्हणाले. "आदण माज्या हातात हुतं."

निघताना वहिनींनी शेजारच्या घरातून चांगल्या गुळाची ढेप आणून माझ्या गाडीत ठेवली. पाहुण्याच्या हातात करपलेला गूळ द्यायचा नसतो म्हणे. परतीचे सहा तास मी त्या ढेपेकडे बघितलं नाही.

घरी येऊन फोटो उघडले आणि सांगायला लाज वाटते, पण मी खूश झालो. चौथा फोटो अगदी मला हवा तसा होता. वाफ, तांबडं आभाळ, काहील आणि मामांचा वर उचललेला चेहरा. क्लबनं तो निवडला, दारासमोरच्या भिंतीवर मोठा करून लावला. शीर्षक मी दिलं होतं, 'कामात दंग'. पहिल्या दिवशी लोक थांबून थांबून म्हणत होते, किती नैसर्गिक, माणूस किती हरवलाय. मी मान तुकवत होतो. त्याच संध्याकाळी धीर करून तो आनंदरावांना पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. पलीकडे मामा होते.

"फोटू मोठा करून बगितला," ते म्हणाले. "झ्याक आलाय. त्यात काहिलीत मदी बगा. फेस बसलाय, जाड बुडबुडं निवांत फुटाय लागल्यात. पाक झालाय त्यो. हीच घडी हुती उतरवायची. तुमी बरुब्बर टायमाला काढलासा, मीच बगत नव्हतो."

मी संगणकावर फोटो मोठा केला. मधोमध पाचसहा बुडबुडे होते, जाड, संथ. त्यांच्यावर उजेड फार सुंदर पडलाय म्हणून मी फोटोचा तो भाग मुद्दाम आणखी उजळ केला होता.

"मामा," मी म्हणालो, "तो फोटो प्रदर्शनातून काढून घेऊ का?"

"कशापायी? ऱ्हाऊ दे की. खाली काय लिवलंय?"

मी सांगितलं.

"तेवढं बदला," ते म्हणाले. "गुळव्या आभाळाकडं बगतोय, असं लिवा. काम करतोय म्हनू नका. काम करताना मी असा दिसत न्हाय."

दालन उघडायच्या आधी जाऊन मी 'कामात दंग'ची पट्टी काढली आणि मामांनी सांगितलं तेच हातानं लिहून चिकटवलं. क्लबच्या मंडळींना ते आवडलं नाही, फोटोची मजा गेली म्हणाले. दुपारी एक बाई बराच वेळ समोर उभ्या राहिल्या. पट्टी वाचली, पुन्हा फोटो बघितला आणि मला विचारलं, "मग काहिलीकडे कोण बघतंय?"

"कुणीच नाही," मी म्हणालो. "मी बघू दिलं नाही."