तारमास्तरांची नवी बॅटरी

आमचे शेजारी विठ्ठलराव कल्याण स्टेशनात तारमास्तर होते. अठराशे नव्वदच्या आसपासची गोष्ट. पारनाक्याजवळ त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत होती, त्यामुळे त्यांच्याकडे भांडं पडलं की झोप माझी मोडायची. माणूस सरळ, पण हट्टी असा की त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा खाडी पोहून जाणं सोपं.

त्यांच्या पत्नी रखमाबाईंना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, डावा हात तेवढा शाबूत राहिला. आतल्या खोलीत त्या पडून असायच्या. विठ्ठलराव ओसरीवर आणि त्यांची थोरली विधवा बहीण गंगुबाई, जिला सगळे अक्का म्हणायचे, ती स्वयंपाकघरात. रखमाबाईंना तहान लागली, कूस बदलायची झाली, तर हाक कशी मारणार? बरं, वडीलधारं माणूस घरात असताना नवरा दिवसाढवळ्या बायकोच्या खाटेशी जाऊन बसला, तर आमच्या आळीत बोलायला तेवढंच पुरायचं. म्हणून विठ्ठलरावांनी विजेची घंटा बसवली. बटण रखमाबाईंच्या डाव्या हाताशी, घंटा ओसरीवर. ती वाजली की विठ्ठलराव आत जायचे, पाणी पाजून परत यायचे. बोलावलं म्हणून गेला, त्याला कोण काय म्हणणार?

घंटा चालायची बॅटरीवर. काचेच्या बरण्या, त्यांत नवसागराचं पाणी आणि जस्ताच्या कांड्या. घंटेबरोबर आलेली ती बॅटरी थकली आणि घंटा वाजायच्या ऐवजी कण्हायला लागली. मी म्हटलं, त्याच कारखान्याची दुसरी आणा. ऐकतील तर शपथ! मुंबईला कोटात, म्हणजे फोर्टात, जाऊन गृहस्थ भलत्याच कारखान्याची, दुप्पट जोराची बॅटरी घेऊन आले. सागवानी पेटी, वर सपाट झाकण, झाकणावर तारा जोडायचे पितळेचे दोन स्क्रू.

ती बसवण्यात अख्खा रविवार गेला. जुन्या फळीवर पेटी मावेना. खिडकीत ठेवावी तर तारा पुरेनात. नवसागराचं पाणी माझ्या धुतल्या धोतरावर सांडलं, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. शेवटी रखमाबाईंच्या खाटेवरून दिसणाऱ्या देवघराच्या कोनाड्यात पेटी बसली. घंटा मात्र अशी खणखणली की आमचं मांजर माळ्यावर पळालं. रखमाबाई आत हसल्या म्हणे.

खंडेनवमी आली. विठ्ठलराव म्हणाले, "अक्का, हत्यारांबरोबर या यंत्राचीही पूजा कर गं." अक्कांनी हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला.

आणि घंटा बंद पडली.

विठ्ठलराव दुपारी ड्यूटीवरून येत, बटण दाबून बघत, काही नाही. तारा तासल्या, जस्त घासलं, पाणी बदललं. संध्याकाळी घंटा जरा कुरकुरायची, दुसऱ्या दुपारी पुन्हा मुकी. मग दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार. एकदा तर पेटी घेऊन मुंबईला गेले आणि ओझं उचलायला मला नेलं. तिथे दुकानदाराने तारा जोडल्या तर घंटा ठणठणीत! तो आमच्याकडे असं बघू लागला की मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. घरी आणली, एक संध्याकाळ वाजली, दुसऱ्या दुपारी बंद. मला तर ती पेटी खाडीत फेकावीशी वाटत होती.

घंटा नाही म्हणजे रखमाबाईंना आवाज नाही. तेव्हा विठ्ठलराव ड्यूटी संपली की आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसायला लागले. कोणी भुवई उंचावली की वैतागून म्हणायचे, "घंटाच बंद आहे हो, मी काय करू?" पेज भरवायचे, स्टेशनातल्या गमती सांगायचे. भिंतीपलीकडून मला त्यांचं हसू ऐकू यायचं. इतक्या वर्षांत ते हसू मी कधी ऐकलं नव्हतं.

मग एकदा सकाळी सुट्टी होती म्हणून ते घरी होते. अक्कांनी देवपूजा केली आणि फुलांनी भरलेलं तांब्याचं तामण सहज त्या पेटीवर ठेवलं. नेमकं दोन्ही स्क्रूंवर. तामणाच्या तांब्यातून वीज या स्क्रूतून त्या स्क्रूत वाहून जाणार, घंटेपर्यंत पोचणार काय कपाळ! दुपारी नैवेद्य झाला की अक्का तामण उचलायच्या; तोवर बॅटरी गळून गेलेली असायची आणि तामण मात्र कधी विठ्ठलरावांच्या नजरेस पडलंच नव्हतं.

"अक्का, हे रोज?"

"मग? यंत्राची पूजा करायला तूच सांगितलेलंस ना रे?"

तामण चौरंगावर गेलं. घंटा खणखणीत झाली. विठ्ठलरावांचा पाट उचलला गेला, ते ओसरीवर परतले. घंटा वाजली की जात, पाणी देत, येत. भिंतीपलीकडचं हसू थांबलं.

पौषात घंटा पुन्हा बंद.

विठ्ठलराव तणतणत माझ्याकडे आले. "चला, आज या बॅटरीचा निकालच लावतो!" आम्ही कोनाड्याशी गेलो. ऐन दुपारी तामण पेटीवर. त्यात फूल नाही, हळद नाही, काही नाही. नुसतं कोरडं तामण.

"अक्का!" ते असे ओरडले की भिंत हलली. "किती वेळा सांगायचं?"

अक्का स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. "ओरडू नकोस. रखमेने बोट दाखवलं. आधी तामणाकडे, मग पेटीकडे. दोन दिवस मला उमगेना. घंटा वाजली की तू पाणी पाजून निघून जातोस. बंद असली की बसतोस. थोरली मी आहे या घरात, मी ठेवलंय ते. काढायचं असेल तर तू काढ."

विठ्ठलरावांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. रखमाबाईंचा डावा हात बटणावर नव्हता. पोटावर शांत ठेवलेला होता.  विठ्ठलरावांनी तामण जरा सरळ केलं, दोन्ही स्क्रूंवर नीट टेकलंय ना ते बघितलं आणि पाट शोधायला गेले.

पुढे रखमाबाई होत्या तोवर घंटा वाजली नाही. आळीत कोणी विचारलं की विठ्ठलराव कपाळाला हात लावायचे. "फसलो हो. भिकार बॅटरी! आजही बंद." आणि पेज निवेल म्हणून घाईने आत जायचे.