राजाच्या आईची कंकणं

बाबा गेल्यावर आई आमच्याकडे सिंगापूरला, बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये राहायला आली, तेव्हा तिच्या उजव्या मनगटावर ताजा व्रण होता. बाबा गेले त्याच दिवशी आत्याने वरवंट्याने तिच्या बांगड्या वाढवल्या. काच रुतली, रक्ताची धार लागली. माझं विमान पोचेपर्यंत सगळं उरकलेलं. मी असते तर काय बिशाद होती कुणाची! आत्याला मी नको नको ते बोलले, आणि त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही.

पुढे इथल्या म्युझियममध्ये इजिप्तचं प्रदर्शन आलं. लेकीचा शाळेचा प्रोजेक्ट होता म्हणून आम्ही तिघी गेलो. "मेलेल्यांना तिकीट काढून कसलं बघायचं?" अशी आईची कुरकुर चालली होती. राण्यांच्या दालनात मात्र ती थबकली. भिंतीवर बारीक चुण्यांचं तलम पांढरं वस्त्र नेसलेली राणी, गळ्यापासून खांद्यापर्यंत मण्यांचा रुंद हार. खाली पेटीत एका राजाच्या आईची चांदीची कंकणं, दोन्ही हात भरतील इतकी, त्यांवर रंगीत खड्यांची फुलपाखरं. ही नक्कल होती. खरी तिच्या थडग्यात सापडलेली.

"हिचा नवरा?" आईने विचारलं.

लेकीने पाटी वाचली. "तो आधी गेला, आजी. मग हिचा मुलगा किंग झाला."

"म्हणजे माझ्यासारखीच की! आणि हिच्या हातातलं कुणी उतरवलं नाही?"

"नो लाह, आजी! क्वीन आहे ना ती."

आई काचेला नाक लावून कितीतरी वेळ उभी राहिली. घरी चपला काढता काढता म्हणाली, "मी जाईन तेव्हा मला हिरवा चुडा भर. घट्ट हं, कासार भरतो तसा. सैल बांगड्या म्हणजे नुसता खुळखुळाट."

"आत्ताच घाल की!"

"नको गं बाई. लोकांना तोंड द्यायची ताकद नाही राहिली."

मला संताप आला, आणि रडूही. लिटिल इंडियात जाऊन मी एक माप लहानच बांगड्या आणून ठेवल्या.

वर्षभराने एका सकाळी चहा पिऊन आई आडवी झाली, ती उठलीच नाही. डॉक्टर येऊन गेले तेव्हा हात अजून उबदार होता. साबण लावून, पंजा दाबून एकेक बांगडी चढवली. गावाहून भावाचा फोन. "विधवेला हिरवा चुडा? लोक काय म्हणतील?"

"लोक गेले खड्ड्यात," म्हटलं आणि फोन ठेवला. आई किती छान दिसत होती!

दुपारी अंत्यविधीवाले आले. त्यांच्यातला म्हातारा चिनी अंकल मान खाली घालून इंग्रजीत म्हणाला, "सॉरी मॅडम, काच भट्टीत चालत नाही. वितळते, हाडांना चिकटते." मी भांडले, हात जोडले. तो बिचारा काय करणार? साबण झाला, खोबरेल झालं. पण हात तोवर कडक झालेला, आणि घट्ट तर मीच भरल्या होत्या.

अंकलने पिशवीतून पक्कड काढली.

"थांबा," म्हटलं. "परक्याचा हात नको."

स्वयंपाकघरातून बत्ता आणला. आईच्या मनगटाखाली तिचाच टॉवेल दुमडून ठेवला आणि एकेक बांगडी वाढवत गेले. एक काच जुन्या व्रणापाशी रुतली. या वेळी रक्त आलं नाही.