पार्ट मुंबईहून यायचा आहे

“भाऊ, टीव्ही बिघडवून मिळेल का?”

मी हातातलं सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवलं आणि नीट ऐकलं. जळगावात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. तोवर बरीच वर्षं लोक माझ्याकडे चित्र हलतंय, आवाज येत नाही, माणसं हिरवी दिसतात अशा तक्रारी घेऊन येत होते. ही तक्रार नवी होती.

विचारणाऱ्या आशाताई. प्राथमिक शाळेत शिक्षिका. त्यांच्या घरचा रंगीत सेट मी दोनदा दुरुस्त केला होता. घरात नवरा सुधाकरराव, पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. सासरे नाना, शेती भावाकडे सोपवून धुळ्याकडच्या खेड्यातून इकडे राहायला आलेले. आणि चार वर्षांची मुलगी पिंकी.

“सेट चांगला चालतोय ना?” मी विचारलं.

“चांगला चालतोय, हीच अडचण आहे.”

गावात केबल येऊन वर्ष झालं असेल. आधी टीव्ही संध्याकाळी बघायची वस्तू होती. आता सकाळी दूध आलं की सुरू व्हायचा. पिंकी पडद्यापासून हातभर अंतरावर बसायची. घास भरवायचा तर तिथेच. मधे कोणी आलं तर ती मान वाकडी करून पलीकडचं बघायची. साबण, चहा आणि स्कूटर या तिन्हींच्या जाहिराती तिला सुरासकट पाठ होत्या. पण “पाणी हवं का?” असं विचारलं तर उत्तर नाही. आशाताईंनी तिचे कान तपासून आणले होते. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत, तिला तुमच्यात रस नाही.

“काल बालवाडीच्या बाईंनी बोलावून घेतलं,” आशाताई म्हणाल्या. “वर्गात पिंकी फळ्याकडे बघत बसते. बाईंना वाटलं, लक्ष आहे. मग कळलं, ती फळा सुरू व्हायची वाट बघते.”

हे त्या हसत सांगत होत्या, पण बोलता बोलता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मी उगाच एक स्क्रू शोधला.

“मग बंद ठेवा की टीव्ही.”

“मी बंद करते, नाना लावतात. नाना आडवे झाले की हे ऑफिसातून येतात. हे लावतात.”

“केबल काढून टाका.”

“काढली होती. केबलवाला अर्ध्या तासात हजर. आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं नाही तर आठवडाभर कोणी फिरकत नाही.”

“मग मुलीला सांगा, टीव्ही बिघडलाय म्हणून.”

“खोटं कसं सांगू? मी शिक्षिका आहे. टीव्ही खरंच बिघडलेला पाहिजे.”

“आणि घरच्यांना काय सांगायचं?”

“ते तुम्ही सांगा.”

म्हणजे खरं बोलणं त्यांच्याकडे आणि उरलेलं माझ्याकडे. मी नाही म्हणायला हवं होतं. मेकॅनिकचं नाव दुरुस्तीवर चालतं. पण त्या शाळेत साठ पोरं गप्प बसवणाऱ्या बाई, आणि स्वतःच्या मुलीच्या तोंडून “आई” ऐकायला त्यांना जाहिरातींच्या मधली जागा शोधावी लागत होती. मी एक महिन्यासाठी कबूल झालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सर्व्हिसिंगच्या नावाखाली त्यांच्या घरी गेलो. सुधाकरराव ऑफिसात होते आणि नाना वामकुक्षी घेत होते. फ्यूज काढला असता तर सुधाकररावांनी तो स्वतः बदलला असता. जरा मानाचा बिघाड हवा होता.

टीव्हीवरचं चित्र म्हणजे वरपासून खालपर्यंत भराभर ओढलेल्या शेकडो आडव्या रेषा. त्या रेषा खालपर्यंत पसरवायला आत एक सर्किट असतं. त्याला आम्ही व्हर्टिकल म्हणतो. ते बंद पडलं की सगळ्या रेषा एकाच जागी पडतात आणि पडद्यावर मधोमध एक आडवी पांढरी रेघ उरते. आवाज मात्र चालू राहतो. मी व्हर्टिकलच्या पार्टचं एक टोक सोडवलं. त्या एका रेघेने पिक्चर ट्यूब जळू नये म्हणून ब्राइटनेस कमी केला आणि मागचं झाकण लावलं. बिघाड इतका सुबक झाला की मलाच बरं वाटलं.

चार दिवसांनी आशाताई पुन्हा दुकानात.

“भाऊ, हे लोक रेघ बघतात.”

मला खरं वाटेना. संध्याकाळी सेट बघायचा म्हणून मी घरी गेलो. समोरच्या खोलीत नाना खुर्चीत, सुधाकरराव पलंगावर आणि पिंकी जमिनीवर ताट घेऊन. तिघांची नजर त्या रेघेवर.

“चित्र नाही, पण बातम्या कळतात,” सुधाकरराव म्हणाले. “उलट लक्ष लागतं.”

“आज रेघ जराशी जाड दिखस,” नाना म्हणाले. कालपेक्षा आजची रेघ जाड दिसते, असं त्यांना खरोखर वाटत होतं.

साबणाची जाहिरात लागली. पिंकीने रेघेबरोबर ती पूर्ण म्हटली आणि एक घास खाल्ला.

मी झाकण उघडून बघितल्यासारखं केलं आणि म्हणालो, “व्हर्टिकलचा पार्ट गेलाय. सेट दुकानात न्यावा लागेल. पार्ट मुंबईहून यायचा आहे.”

हे वाक्य प्रत्येक मेकॅनिक बोलतो. खरा बिघाड सांगितला तर गिऱ्हाईक शंका घेतं, या वाक्यावर कधी घेत नाही. सुधाकररावांनी सेट उचलायला स्वतः हात लावला.

पहिले तीन दिवस पिंकीने घर डोक्यावर घेतलं. रिकाम्या टेबलासमोर बसून रडली, जेवली नाही, नानांचा चष्मा फेकला. आशाताईंनी तिला खरं ते सांगितलं: टीव्ही बिघडलाय, काकांकडे आहे. चौथ्या दिवशी सकाळी, दुपारच्या बालवाडीआधी, नानाच तिला घेऊन दुकानात आले. मला वाटलं, नातीसाठी आले.

“पार्ट उना का भाऊ?” म्हणजे आला का.

“नाही आला, नाना.”

“बठ्ठा गावना टीव्ही चालू शेतस, आमनाच बंद शे.” अख्ख्या गावात आपलाच सेट बंद असल्याचं दुःख त्यांनी सांगितलं आणि बाकावर बसले. “मी जराखा आठे बठस.”

माझ्या दुकानात दुरुस्त केलेले सेट तपासणीसाठी दिवसभर चालू ठेवलेले असत. त्या दिवशी चार होते. घरी एक टीव्ही बघणारी नात इथे चार बघायला लागली, आणि आजोबांची तर मान एका जागी ठरेना. दुसऱ्या दिवशीही दोघं दुकान उघडायच्या वेळेला हजर. महिनाभर एका पोरीचा टीव्ही बंद करायला निघालेला मी तिच्यासाठी थिएटर चालवत होतो.

तिसऱ्या दिवशी मी सगळ्या सेटची तोंडं भिंतीकडे फिरवली. आवाज बंद केले. नानांना सांगितलं, लाइनला व्होल्टेज कमी आहे, असंच ठेवावं लागतं. नाना तासभर सेटच्या पाठीकडे बघत बसले आणि मग समोर चहाला गेले. जाताना म्हणाले, पोरीवर लक्ष ठेव.

पिंकी तिथेच उभी. माझ्या टेबलावर एक उघडा सेट होता, प्लग काढलेला. ती टाचा उंचावून आत बघत होती. बराच वेळ. मग तिने बोट दाखवलं.

“हे काय?”

मी चाट पडलो. ही पोरगी माझ्याशी बोलत होती.

“कंडेन्सर.”

“हे?”

“रेझिस्टन्स. वीज जास्त जाऊ देत नाही. बघ, अंगावर रंगाचे पट्टे आहेत.”

“हे का?”

तिचं बोट थांबेना. टीव्हीला कितीही विचारलं तरी तो तिला उत्तर देत नव्हता, त्यामुळे तिच्याकडे चार वर्षांचे प्रश्न शिल्लक असावेत. मी एका डबीत जुने रेझिस्टन्स ओतून दिले. ती स्टुलावर बसून लाल पट्टेवाले एकीकडे, पिवळे एकीकडे लावायची आणि एकेक उचलून विचारायची. पुढचे दहा दिवस हेच. मी दमलो. माझं निम्मं काम मागे पडलं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आशाताई पिंकीला न्यायला यायच्या. अशाच एका शनिवारी आल्या तेव्हा नाना समोर चहा घेत होते आणि पिंकी स्टुलावर पट्टे लावत होती.

“घरी दिवसभर बोलते,” त्या म्हणाल्या. “काल मला ‘आई, तू थकलीस का?’ असं विचारलं. भाऊ, अजून पंधरा दिवस दुरुस्त करू नका. हे विचारायला आले तर पार्ट यायचाय सांगा. मी बिघडवायला सांगितलं हे मात्र कळू देऊ नका.”

मी हो म्हणालो. आम्ही आवाज कमी केला नाही. त्या घरात पिंकीसमोर आवाज कमी करायची कोणाला सवयच नव्हती.

सोमवारी ऑफिसच्या वेळेत सुधाकरराव दुकानात आले. रजा टाकून.

“आमचा टीव्ही तुम्ही बिघडवला?”

“हो,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

“आणि पार्ट मुंबईहून यायचा नाहीच?”

“नाही. एक टोक सोल्डर करायचं आहे. पाच मिनिटांचं काम.”

“पोलिसांत देईन तुम्हाला. माझ्या घरात माझ्याविरुद्ध...” ते थांबले.

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“पिंकीने. रात्री जेवताना. म्हणाली, बाबा, आपला टीव्ही काकांनी मुद्दाम बिघडवलाय. आईने सांगितलं, पंधरा दिवस दुरुस्त करू नका. तुम्हाला कळू द्यायचं नाही.”

एवढं बोलून ते बाकावर बसले.

“तीन वाक्यं,” ते म्हणाले. “एकही जाहिरात नाही.”

“घरी काय झालं मग?”

“नाना आधीच जेवून झोपले होते, म्हणून बरं. आशा रडायला लागली. मला आधी वाटलं, पकडली गेली म्हणून रडते.” त्यांनी टेबलावरच्या उघड्या सेटकडे बघितलं. “आमचा कुठला?”

मी कोपऱ्यातला दाखवला. ते उठले, त्यावरची धूळ हाताने पुसली. मी आयर्न गरम करायला लावलं.

“राहू द्या,” ते म्हणाले. “पंधरा दिवस म्हणाली ना ती. पण नानांना पार्टचंच सांगा. नानांना हे झेपणार नाही.”

पंधरा दिवसांनी मी सेट परत नेला. संध्याकाळी एकच तास लावायचा असं ठरलं. क्रिकेटच्या वेळी सुधाकररावांनी ते दोनदा मोडलं, नानांनी किती वेळा मोडलं ते नानांनाच माहीत. पिंकी मात्र आता टीव्हीसमोर बसून बोलायची. बातम्या देणाऱ्या बाईंनी लाल साडी का नेसली इथपासून सुरुवात. कोणालाच काही ऐकू येईना. सुधाकररावांनी एकदा मला रस्त्यात गाठून विचारलं, हिचा आवाज कमी करायची काही सोय आहे का.

बातमी गल्लीत फुटली. तीन आया आपापले सेट घेऊन आल्या. त्याच महिन्यात सहा बाप दुरुस्तीला दिलेले आपापले सेट परत घेऊन गेले आणि पुढच्या चौकातल्या दुकानात देऊ लागले. मी तिन्ही आयांना नाही म्हणालो. त्यांना एवढंच सांगितलं, टीव्ही बंद करायला मेकॅनिक लागत नाही. पण बंद केलात तर पोरांसमोर जपून बोला. त्यांना सगळं ऐकू येतं.